गुस्लच्या पडद्याआड

एकोणीस वर्षांची असताना, अंजनगावातल्या आमच्या मोहल्ल्यात माझ्याएवढं दीन, म्हणजे धर्म, कुणालाच कळत नाही, अशी माझी खात्री होती. ती खात्री मला कुणी दिली नव्हती, मीच करून घेतली होती. आता सत्तरी जवळ आली आहे. गुडघे जमिनीला टेकत नाहीत म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढते आणि सिजद्याच्या वेळी नुसती मान झुकवते. तेव्हा कधीकधी मनात येतं की, ज्या वयात कपाळ जमिनीला पोचत होतं त्या वयात ते खऱ्या अर्थानं कधी पोचलंच नाही. या प्रकरणात मी जे लिहिणार आहे ते माझ्या मुलांना ठाऊक नाही, सुनांना तर नाहीच. वाचून त्यांना माझा राग आला तर चालेल. कीव आली तर मात्र त्यांनी ती आपल्याजवळच ठेवावी.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे अंगण आणि पुढे अब्बांचं दुकान. आम्ही पिंजारी. अब्बा गाद्या आणि रजया भरायचे. पहाटेची फजरची नमाज झाली की ते तोंडाला फडकं बांधून कापसाच्या ढिगात बसत आणि कापूस पिंजायच्या कमानीच्या तातीचा तुईं-तुईं आवाज सुरू होई, तो थेट दुपारच्या जेवणापर्यंत. कापूस सगळीकडे असायचा. माठावरच्या झाकणीवर, अम्मीच्या पापण्यांवर, ज्वारीच्या पिठात. "भाकरीत कापूस नसला तं समजजा, भाकर शेजारची हाय," असं अब्बा म्हणत. अम्मी पानमळ्यातून आलेली पानं निवडायला जायची, त्यामुळे तिच्या बोटांना नेहमी हिरवा वास असे. जुम्म्याला अंबाडीची भाजी घालून गोश्त व्हायचं. बाकी दिवस ठेचा, भाकरी आणि कधी वांग्याचं पातळ कोरड्यास. घरात आम्ही उर्दू आणि वऱ्हाडी यांची खिचडी बोलत असू, माझी शाळा मात्र मराठी होती. या पानांवरची माणसं वऱ्हाडीच बोलतील, कारण माझ्या कानात ती अजून तशीच बोलतात.

आमच्यापासून दोन दारं सोडून हलीमाबी राहायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिनं बाजाराच्या रस्त्यावर भाजीचं दुकान लावलं होतं. उन्हात उभी राहून पदर कंबरेला खोचायची, मापात खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला आईबापासकट उद्धारायची आणि संध्याकाळी उरलेली गिलकी भजी तळून गल्लीतल्या पोरांना वाटायची. त्या भज्यांवर मी वाढले आहे. तिची एकुलती मुलगी रुखसाना माझ्याच वयाची, माझी लहानपणची मैत्रीण. तिनं सातवीत शाळा सोडली आणि आईच्या पाटीजवळ बसायला लागली. परतवाड्याच्या एका मुलाशी तिची मंगनी झाली होती. मुलगा चिखलदऱ्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा, दिसायला नाकीडोळी नीटस, आणि त्याची आई फार दीनदार म्हणून नावाजलेली. हलीमाबीसारख्या बाईच्या मुलीला असं घर मिळालं याचं मोहल्ल्याला नवल वाटलं होतं. ईद झाली की लग्न. तिच्या जहेजची, लग्नात द्यायची गादी भरायचं काम अर्थात अब्बांकडे होतं आणि त्यासाठी लाल छिटाचं कापड येऊन पडलं होतं.

मला अब्बांनी दोन वर्षं अकोल्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ठेवलं होतं. तिथे मुलींच्या दीनी शिक्षणाचा वर्ग होता. तो चालवणाऱ्या बाईंना आम्ही आपा म्हणत असू. आपा हळू बोलायच्या, इतकं हळू की मागे बसलेल्या मुली गळा ताणून ऐकायच्या. तकब्बुर, म्हणजे गर्व, या एका विषयावर त्यांनी आम्हाला कित्येक दिवस शिकवलं. इब्लिसनं, म्हणजे सैतानानं, एवढी इबादत केली होती, पण 'मी याच्यापेक्षा चांगला' एवढं एक वाक्य बोलला आणि सगळं गेलं. राईच्या दाण्याएवढा गर्व ज्याच्या मनात असेल त्याला जन्नतचं दार बंद. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मय्यतीला, म्हणजे मेलेल्या माणसाला, गुस्ल ही शेवटची अंघोळ कशी घालायची हेही तिथेच शिकले. आधी वुजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, मग उजवी बाजू, मग डावी, बोरीचा पाला उकळलेलं पाणी, शेवटी कापराचं. अंगावरची चादर हटू द्यायची नाही. आणि धुताना मय्यतीच्या अंगावर काही वाईट दिसलं तर ते कुणाला सांगायचं नाही, झाकायचं. चांगलं दिसलं तर सांगता येतं. हा मसला, म्हणजे धर्माचा नियम, परीक्षेत आला होता. मी तो इतका सुरेख लिहिला की आपांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला.

निघताना मी सलाम करायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घरी जाऊन सहा महिने कोनाले काही शिकवू नोको. नुसती पाह्यत राह्य."

मला वाटलं, आपा माझ्यावर जळतात.

मी परतले त्याच महिन्यात गल्लीतली एक म्हातारी गेली. आमच्याकडे बायकांच्या मय्यतीला गुस्ल द्यायचं काम रहमतबी करायची. लोकांच्या घरी पोळ्या लाटून पोट भरणारी विधवा बाई, अक्षरओळख नाही, पण मोहल्ल्यातली अशी एक बाई नव्हती जिच्या आईला किंवा सासूला तिनं शेवटची अंघोळ घातली नव्हती. धुताना ती मय्यतीशी बोलायची. "जरा कूस बदल वं बाई. झालं, झालं आता." मग केस विंचरून दोन वेण्या घालायची आणि डोळ्यांत सुरमा. मी अंगणात बांधलेल्या पडद्याआड गेले तेव्हा तिच्या हातात कंगवा होता.

"ठेवा तो खाली," मी म्हणाले. आवाज बाहेर बसलेल्या बायकांना जाईल एवढा ठेवला होता. "मय्यतीचे केस विंचरत नाहीत. सुरमा लावत नाहीत. इतकी वर्षं तुम्ही हे चुकीचं करत आला."

रहमतबीनं माझ्याकडे पाहिलं. "आमाले असंच शिकवलं वं पोरी, माह्या सासूनं."

"सासूला वाचता येत होतं?"

बाहेर कुणीतरी हसलं. मी मसला सांगितला, किताबचं नाव सांगितलं, पान सांगितलं. मसला बरोबर होता. आजही मी तोच सांगेन. पण तो कानाजवळ तोंड नेऊन दोन शब्दांत सांगता आला असता, आणि मी तो चार घरं ऐकतील असा सांगितला. मला केस वाचवायचे नव्हते, रहमतबीला हरवायचं होतं. रहमतबीनं कंगवा परकराला पुसला, लोटा माझ्या हातात दिला आणि पाणी भरून द्यायला बाजूला जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मोहल्ल्यात गुस्ल मी देऊ लागले आणि ती माझ्या हाताखाली पाणी द्यायला येऊ लागली. तिला कुणी बोलावत नव्हतं, तरी ती यायची.

मग काय विचारता. मी खोलीत आले की बायका सरकून जागा करत. गुरुवारी जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर आमच्याच घरात माझं बयान, म्हणजे प्रवचन, सुरू झालं. आधी सात-आठ बायका, मग दोन्ही खोल्या भरून दुकानातल्या कापसाच्या गठ्ठ्यांवर बसायची वेळ आली. मी पांढरी ओढणी कपाळापर्यंत ओढून, नजर खाली ठेवून बोलायची. नजर खाली ठेवली की बायका अधिक माना डोलावतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. अम्मीला कौतुक होतं आणि धास्तीही. "थोडं हळू बोलत जाय," ती म्हणायची, "लोकाइच्या मायबहिनी बसल्या रायतात." मी तिला म्हणायची की हक, म्हणजे खरं, सांगताना आवाज चढतोच. हल्ली नात मला मोबाइलवर बयानं लावून देते. अमक्याच्या कबरीत काय निघालं, तमकीचा चेहरा मरताना कसा झाला, हे सांगणारी तरुण पोरं त्यात असतात, दाढी नीट कोरलेली, डोळे ओले. नात विचारते, दादी, बंद काहून केलं? मी म्हणते, बॅटरी संपेल.

हलीमाबी उन्हाळ्यात गेली. रुखसाना नात्यातल्या एका लग्नघरी मदतीला म्हणून परतवाड्याला गेली होती. हलीमाबी घरात एकटीच होती. सकाळी ती भाजी आणायला उठली नाही. दुपार होत आली तरी दार उघडेना, तेव्हा शेजाऱ्यांनी कडी तोडली. ती डाव्या कुशीवर, तोंड उशीत खुपसून पडली होती, झोपेतच गेलेली. रुखसानाला निरोप पाठवला आणि ती येईपर्यंत गुस्ल उरकावं असं ठरलं, कारण ऊन फार होतं.

मी चादर बाजूला केली आणि हात मागे घेतला. चेहऱ्याची डावी बाजू, गाल, कान, अर्धा ओठ, सगळं काळं-जांभळं झालं होतं. उजवी बाजू नेहमीसारखी गव्हाळ. मानेवर, डाव्या खांद्यावरही तसेच डाग. आणि ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही : मी हात मागे घेतला त्यात भीतीबरोबर आनंदही होता. मला खूण मिळाली होती. जी बाई नमाजाला बोलावलं की "माही भाजी कोन इकीन, तुहा बाप?" म्हणून हसायची, तिचं काय होतं हे अल्लाहनं खास मला दाखवलं, असं मला वाटलं.

रहमतबीनं लोटा भरला. "एकाच कुशीवर निजून रायली बिचारी," ती म्हणाली. "रगत तिकडं जमते. असं लय पाह्यलं मी." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे माझा मुलगा डॉक्टर झाला, त्याला मी एकदा उगाच विचारल्यासारखं करून विचारलं. त्यानंही रहमतबीचंच वाक्य सांगितलं, फक्त जरा मोठ्या शब्दांत. त्या दिवशी मला पुढचं जेवण गेलं नाही.

रुखसाना पोचली तेव्हा कफन बांधून होत आलं होतं. रहमतबीनं मला कोपरानं बाजूला सारलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. तिनं कफनाची कड डाव्या गालावर ओढून घेतली, उजवी बाजू दाराकडे येईल अशी मान वळवली, कपाळाला अत्तर लावलं आणि मग रुखसानाला आत घेतलं. रुखसानानं तेवढाच चेहरा पाहिला.

"कशी दिसून रायली माय?" तिनं रडत रडत रहमतबीला विचारलं.

"निजल्यावानी," रहमतबी म्हणाली. मग तिनं माझा दंड धरला आणि पाण्याच्या पिंपाजवळ नेऊन म्हणाली, "पाह्यलं थे इथंच ठेव, पोरी. हात जोडते." मी दंड सोडवून घेतला.

महिना-दीड महिना मी ते इथंच ठेवलं. ते माझ्या चांगुलपणानं नव्हे, योग्य वेळ आली नव्हती म्हणून. मग एका गुरुवारी रुखसानाची होणारी सासू परतवाड्याहून आली. लग्न थोडं पुढे ढकलायचं होतं, त्याची बोलणी करायला. माझं नाव तिनं ऐकलं होतं, त्यामुळे बयानाला थांबली. ती पुढेच बसली, हातात तसबीहची माळ, शेजारी रुखसाना. एवढी जाणती बाई आपल्याला ऐकायला बसली आहे, या विचारानं माझं डोकं आभाळाला लागलं. विषय मी आधीच ठरवला होता : तकब्बुर.

बयान मी शुद्ध उर्दूत करायची. इथे मराठीत देते. "आपल्याच मोहल्ल्यातली एक बाई होती," मी म्हणाले. "पदर कंबरेला खोचून भर रस्त्यात उभी राहायची. नमाजाला बोलावलं तर हसायची. मला कुणाची गरज नाही, असा तिचा तोरा. अल्लाहनं तिला झोपेतच उचललं, कलमा पढायचीही उसंत दिली नाही. मी या हातांनी तिच्या तोंडावरची चादर काढली. अर्धं तोंड काळं पडलेलं होतं, बहिणींनो. गर्व करणाऱ्याचं तोंड अल्लाह कबरीपर्यंतसुद्धा राखत नाही."

तौबा, तौबा, असा आवाज दोन्ही खोल्यांतून फिरला. कुणी कानाला हात लावले, कुणी रडलं. त्या उन्हाळ्यात मोहल्ल्यात झोपेत गेलेली बाई एकच होती. परतवाड्याच्या बाईच्या हातातली तसबीह थांबली आणि तिनं हळूच मांडी आवरून घेतली, रुखसानाच्या मांडीला लागलेली होती ती. अम्मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं ते तसंच आत परत नेलं.

रुखसाना सगळ्या बायका जाईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "नसीम, थे माही माय होती काय?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"अर्धं तोंड काळं पडलं होतं माह्या मायचं? रहमतखालानं तं निजल्यावानी सांगतलं मले."

मी गप्प राहू शकले असते. नाही म्हणू शकले असते. या दोन्ही गोष्टी करायला फार मोठं दीन लागत नाही, लहानपणी खाल्लेल्या भज्यांची आठवण पुरते. मी म्हणाले, "खालाला काय कळतं? मी खरं ते सांगितलं."

ती उठली. उंबऱ्याजवळ तिचा पाय अडखळला आणि ती कापसाच्या गठ्ठ्याला धरून उभी राहिली. तिच्या आईला पुरून दीड महिना झाला होता. मी तिला त्या दिवशी आईचा दुसरा, खोटा, घाणेरडा चेहरा दिला, आणि तिच्या डोक्यात तो कायमचा राहणार होता. हे मला आज कळतं असं लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला ते तेव्हाही कळलं होतं. त्या रात्री मी छान जेवले.

चौथ्या दिवशी परतवाड्याहून माणूस आला. मंगनीची अंगठी आणि कपड्यांचा जोडा परत मागितला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, ज्या बाईचा अंजाम असा झाला तिच्या पोटची मुलगी घरात नको, असं मुलाची आई म्हणते. रुखसानानं दोन्ही वस्तू त्याच्या हातात दिल्या आणि दुकान लावायला निघून गेली. पुढे तिला दोन-तीन ठिकाणं आली. प्रत्येक वेळी कुणीतरी ते अर्धं तोंड तिथे आधी पोचवलेलं असायचं. आमचे लोक चांगली बातमी विसरतील, पण ही नाही. तिचं लग्न कधीच झालं नाही.

अब्बांनी त्या दिवशी कमान हातात घेतली नाही. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही. लाल छिटाच्या गादीची खोळ अर्धी भरून पडली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हिच्यात आता काय भरू? सांग मले. तू शिकलेली हायस." मी म्हणाले, मी फक्त हक सांगितला. ते म्हणाले, "पाच वक्त तू जमिनीवर डोस्कं टेकवते. उठताना गर्व तिथं ठेवून येत नाईस, दुप्पट घेऊन येते. आमी पिंजारी लोक. आमच्या नाकातोंडात कापूस, आमाले दीन कमी समजते. पन मेल्या मानसाची अब्रू उघडी करत नाई आमी." आत अम्मी ऐकते आहे हे त्यांना ठाऊक होतं. "आजपासून कोनत्याच मय्यतीले हात लावू नोको. तुह्या अम्मीच्या बी नाई."

त्यांनीच मला माफी मागायला पाठवलं. शब-ए-बरातला आम्ही दारोदार जाऊन एकमेकींना 'कहा-सुना माफ' म्हणतो. तसं म्हणायला मला कधी जड गेलं नव्हतं, कारण त्यात नेमकं काय माफ करायचं ते कुणी विचारत नाही. बाजारात रुखसाना आईच्या जागी उभी होती, पदर कंबरेला खोचलेला. मी समोर जाऊन म्हणाले, "कहा-सुना माफ कर."

"माहं माफ," ती म्हणाली. "जाय."

माझा जीव हलका झाला. इतकं स्वस्तात सुटेल असं वाटलं नव्हतं. मी वळले तेवढ्यात ती म्हणाली, "मायचं मायले माग."

"म्हणजे?"

"तूच तं सांगतलं होतं बयानात. एकाच्या हकाचं दुसऱ्याले माफ करता येत नाई. ज्याचं त्यालेच मागा लागते. माहं होतं थेवढं मी दिलं. तिचं तिले जाऊन माग." आणि समोरच्या बाईला विचारलं, "भेंडी कितीक देऊ?"

मी तिला मसला सांगू लागले. की असं असेल तर मेलेल्या माणसासाठी दुआ करता येते, त्याच्या नावानं सदका, म्हणजे दान, देता येतो. ती भेंडी तोलत राहिली. मी मसला पूर्ण केला. गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघत होती. मग मी घरी आले.

मोहल्ल्यात मला कुणी वाईट बोललं नाही. सलामाला उत्तर मिळायचं, गुरुवारी मात्र सात बायका आल्या, मग तीन, मग अम्मी एकटी. मी अकोल्याला निघून गेले. आपांनी वर्गात लहान मुलींना शिकवायला ठेवून घेतलं. मी काय केलं ते त्यांच्या कानावर आलं असावं, कारण गुस्लचा धडा त्यांनी मला कधीच घेऊ दिला नाही. इकडे रहमतबी पुन्हा मय्यती धुऊ लागली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पाणी ओतायला कुणीतरी हवं होतं. एक दिवस दुकान बंद करून रुखसाना तिच्या मागे उभी राहिली.

मग अम्मीला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ती नऊ महिने अंथरुणावर होती आणि त्या नऊ महिन्यांत मी तीनदा आले. वर्ग सोडून येता येत नाही, असं मी अब्बांना कळवायची. खरं म्हणजे मला त्या गल्लीतून चालायचं नव्हतं. अब्बांनी तिच्यासाठी उत्तम कापूस पिंजून मऊ गादी केली होती. पण त्यांना एकट्याला तिला कुशीवर वळवायला जमत नसे, कंबर धरायची. मी यायची तेव्हा खोलीत अत्तराचा वास असायचा आणि त्याच्याखाली दुसरा एक. मी अम्मीच्या उशाशी बसून कुराण पढायची. पाठ दुखते का म्हणून विचारलं की ती डावा हात हलवून नाही म्हणायची, आणि मी पुढची आयत सुरू करायची. परक्या बायकांच्या अंगावरच्या किती चादरी मी सरकवल्या होत्या. तिची एकदाही सरकवली नाही.

ती गेली तेव्हा मी सकाळच्या गाडीनं पोचले. अंगणात पडदा बांधला होता. अब्बा दुकानात भिंतीला टेकून बसले होते. मी पडद्याकडे निघाले तसे ते म्हणाले, "तू बाहेर." ते रागात नव्हते. आधी ठरलेली गोष्ट आठवण करून द्यावी तसं बोलले. मी पडद्याबाहेर बायकांमध्ये बसले. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, कुणी सरकून जागाही केली नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता. उजवी बाजू झाली असेल, आता डावी, असं मी मनात मोजत होते. मग पाणी थांबलं. बराच वेळ आवाजच नाही. मग रहमतबीचा दबका आवाज आला, "हळू वं. तिथं हळू." त्यानंतर पाणी आलं ते थेंबाथेंबानं.

कापराचा वास सुटला आणि रुखसाना बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, तोंड धुतलेलं. ती न्हाणीकडे चालली होती. मी तिची वाट अडवली.

"अम्मीच्या पाठीला काय होतं?" मी विचारलं.

तिनं ओली बाही पिळली.

"जखमा होत्या का? मोठ्या होत्या? रुखसाना, एवढं सांग. मला कळायला पाहिजे."

"आंगावरचं सांगत नसतात," ती म्हणाली.

"काही नसेल तर नाही म्हण. चांगलं असलं तर सांगता येतं, तसा मसला आहे."

"तुले येतात मसले."

मी तिचा ओला हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही, तसाच माझ्या हातात राहू दिला. माझ्या तोंडून भीक मागितल्यासारखं निघालं, "मी तिची लेक आहे गं."

रुखसाना माझ्याकडे बघत राहिली.

"मी बी लेकच होती," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.